मानेचा आकडा

सातवीच्या वर्गातली पोरं केतकी थोरातला टरकून असत. विज्ञान शिकवणारी बाई, आवाज खणखणीत, आणि उत्तर चुकलं तर 'का चुकलं ते सांग' म्हणून उभं करणारी. ही बाई दर शनिवारी गाडीत बसली की एका आकड्यापुढे मान खाली घालते, हे त्या पोरांना कळलं असतं तर त्यांनी वर्गात पेढे वाटले असते.

आकडा होता एक्केचाळीस. गाडीच्या पुढच्या काचेच्या कोपऱ्यात तो हिरवट अक्षरांत उमटायचा आणि प्रवास संपेपर्यंत तिथून हलायचा नाही. मागच्या आसनावर पाठमोरी बसलेली तिची लेक रुंजी आता चार पूर्ण करून पाचव्यात गेली होती. तिच्या मानेचा तो आकडा. गेलं दीड वर्ष तो जिथल्या तिथे होता, आणि त्या आकड्याने थोरातांच्या घराला पार वेठीला धरलं होतं.

केतकी चिपळूणजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिचा नवरा निनाद कराडजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट. मध्ये कुंभार्ली घाट. केतकीने आंतरजिल्हा बदलीचा अर्ज केला होता, पण तो इतका जुना झाला होता की रुंजीच्या आधी घरात तोच जन्मला होता. गळिताचा हंगाम असला की निनादला पाळी सोडता येत नसे, आणि हंगाम संपला की यंत्रांची दुरुस्ती निघे. तेव्हा शनिवारची सकाळची शाळा सुटली की मायलेकींनी घाट चढायचा आणि रविवारी दुपारी उतरायचा, असा शिरस्ता पडला होता. निनादची आई, म्हणजे माई, नातीला सांभाळायला म्हणून कराड सोडून चिपळूणला येऊन राहिली होती. आठवड्याचे सहा दिवस सगळं सुरळीत चालायचं. घोडं अडायचं ते शनिवारी.

आता या आकड्याची भानगड सांगायला हवी.

तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने फार जड असतं. ते ज्यावर तोललेलं असतं ते मानेचे मणके जन्मतः अखंड हाड नसतातच. एकेक मणका तुकड्यातुकड्यांचा, आणि तुकड्यांमध्ये कूर्चा, म्हणजे नाकाच्या शेंड्यात असते तसली मऊ, लवचिक ऊती. मूल वाढतं तसं त्या कूर्चेचं हाड होत जातं, कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. गाडी समोरून धडकली की पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं धड पट्ट्यांनी धरून ठेवलं जातं आणि डोकं तेवढं पुढे झेपावतं. सगळा ताण त्या कच्च्या मानेवर येतो. तेच मूल पाठमोरं असलं तर डोकं, मान, पाठ असं सगळं एकदम आसनात रुततं आणि धक्का वाटला जातो. म्हणून बाळाला गाडीत पाठमोरं बसवायचं, हे जुनंच शहाणपण होतं. प्रश्न एवढाच की कधीपर्यंत? पूर्वी लोक वय बघत, वजन आणि उंची बघत, डॉक्टरांना विचारत आणि एके दिवशी आसन फिरवून मोकळे होत.

'पाठराखण' नावाचं नवं आसन आलं आणि लोकांचं ते मोकळं होणं संपलं. या आसनाच्या उशीत, बरोबर मानेमागे, एक गादी असे. सोनोग्राफीत वापरतात तसल्या ध्वनिलहरी ती मानेत सोडी आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून हाड किती, कूर्चा किती, ते मोजी. मग गाडीतला संगणक त्या मानेची प्रतिकृती करून तिला हजार वेळा धडकवी आणि आकडा सांगे: आज आसन पुढे फिरवलंत आणि जोराची समोरासमोर धडक झाली, तर अशा हजार मुलांपैकी इतक्या जास्तीच्या मुलांची मान कायमची जायबंदी होईल.

पाठोपाठ कायदा आला. आसन पुढे फिरवायचं तर आईने किंवा वडिलांनी गाडीच्या काचेवर अंगठा टेकवायचा. कुणाचा अंगठा, कोणत्या आकड्यावर, ते कायमचं नोंदलं जाणार. पुढे काही वाईट घडलंच, तर सगळ्यात आधी तो अंगठा बघितला जाणार. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांना वाटलं, आकडा पुरेसा खाली आला की आईबाप समजून उमजून आसन फिरवतील.

पण आकडा शून्य कधीच होत नसे. या महिन्यात आठ, तर पुढच्या महिन्यात सात. मग कोणती आई आठवर अंगठा टेकवील? आणखी एक महिना थांबलं तर काय बिघडतं, या प्रश्नाला कुणापाशी उत्तर नव्हतं, म्हणून सगळेच थांबले. पहिलीतली, दुसरीतली पोरं गुडघे हनुवटीला लावून पाठमोरी बसू लागली. वर्तमानपत्रांनी त्यांना 'पाठमोरी पिढी' म्हणायला सुरुवात केली. केतकीच्या शाळेतल्या विभावरी मॅडमनी बारावर अंगठा लावला, तर शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पुढे त्यांच्या मुलाची मान नुसती वाकडी झोपल्यामुळे अवघडली, तरी सगळ्यांनी एकमेकांकडे सूचकपणे बघून घेतलं. बघणाऱ्यांत केतकीही होती.

त्या मानाने एक्केचाळीस म्हणजे अतिच होतं. हाडांच्या डॉक्टरांनी आकडा बघितला, मान चाचपली, आणि वाढ जरा सावकाश दिसते, सूर्यप्रकाश द्या, दूध द्या, असं सांगून परत पाठवलं. "एवढ्याशासाठी पोरीवर एक्स-रे नको," म्हणाले. केतकीने दूध वाढवलं, नाचणी वाढवली, सकाळचं ऊन वाढवलं. आकडा ढिम्म.

आणि रुंजीला गाडी लागायची. पोफळी मागे पडून वळणं सुरू झाली की ती पांढरीफटक व्हायची. पुढे बसलेल्या केतकीला मागून फक्त आवाज यायचा. चेहरा कधी दिसायचा नाही, कारण चेहरा पलीकडे, मागच्या काचेकडे. निनाद दर बुधवारी फोनवर म्हणायचा, "अगं, फिरव ना एकदाचं. पुढे बघायला मिळालं की ओकणार नाही ती." केतकी म्हणायची, "एक्केचाळीसवर?" मग फोन कुणी ठेवायचा एवढाच प्रश्न उरे.

---

त्या शनिवारी रुंजीने दाराच्या चौकटीलाच मिठी मारली.

"मला नाही जायचं बाबाकडे."

"असं काय गं, रुंजे? बाबा वाट बघतोय," केतकी म्हणाली.

"नाही बघत."

"आगं, बाबानं तुला उसाचा रस काढून ठिवला आसंल," माई म्हणाल्या आणि नातीला पुढ्यात ओढून वेणी घालायला बसल्या.

रुंजीचे केस म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. तिचं जावळ अजून काढलेलं नव्हतं. थोरातांच्यात जावळ काढायचं ते पालीच्या खंडोबाला आणि विषम वर्षी. पहिल्या वर्षी घरात सुतक आलं. तिसऱ्या वर्षी रुंजीचा मामा बोटीवर होता, आणि मामाच्या मांडीशिवाय जावळ निघत नाही. आता बेत पाचव्या वर्षाचा होता. तोवर केसांना कात्री लागायची नाही, असं माईंनी बजावून ठेवलं होतं. जन्मापासूनचे ते दाट कुरळे केस पाठीवर आले होते. घाटात ते ओकारीने भरू नयेत म्हणून माई दर शनिवारी खोबरेल चोपडून वेणी घालत, ती दुमडत आणि मानेवर घट्ट बांधून टाकत. माया म्हणून करायच्या, आणि मन लावून करायच्या.

केतकीने रडत्या मुलीला आसनात बसवलं. गादी मानेला टेकली. एक्केचाळीस.

घाटमाथ्यावर हेळवाकला पोचेपर्यंत रुंजी दोनदा ओकली. दुसऱ्या वेळी तर वेणीही वाचली नाही. केतकीने गाडी एका हॉटेलपाशी थांबवली, नळाखाली मुलीचं डोकं धरून धुतलं आणि हाताशी होतं त्या रबरबँडने सगळे केस गोळा करून पार टाळूवर बांधून टाकले. रुंजीच्या डोक्यावर नारळाची शेंडी उभी राहावी तसं दिसायला लागलं. इतक्या त्रासातही केतकीला हसू आलं.

तिने मुलीला आसनात बसवलं, स्वतः पुढे येऊन बसली आणि गाडी सुरू करणार, तोच तिचा हात थांबला. कोपऱ्यात सहा होतं.

यंत्र बिघडलं, हा पहिला विचार. ती उतरून मागे गेली. केस सोडले, मानेवर घेतले. एक्केचाळीस. परत टाळूवर बांधले. सहा. तिने असं चार वेळा केलं. पाचव्या वेळी रुंजी म्हणाली, "आई, तू काय करतेस?" आणि सातवीला ध्वनीचा धडा शिकवणारी केतकी थोरात रस्त्याकडेला खालीच बसली.

असल्या ध्वनिलहरी हवेत अडतात. म्हणून तर सोनोग्राफी करताना पोटावर ते गार, चिकट जेल लावतात, मध्ये हवा राहू नये म्हणून. रुंजीच्या मानेवर बोटभर जाडीची घट्ट वेणी होती, आणि केसाकेसांत अडकलेली हवा. लहरी मानेपर्यंत धड पोचतच नव्हत्या, प्रतिध्वनी क्षीण येत होता, आणि यंत्र इमानदारीने समजत होतं की या पोरीच्या मानेत हाडच नाही. ज्यांच्यावर ते तपासलं गेलं त्या मुलांचे केस कापलेले असणार. पाच वर्षं जावळ राखणारी माणसं जगात असतात, हे बनवणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. पोरगी ओकते म्हणून वेणी मानेवर, वेणी मानेवर म्हणून आकडा मोठा, आकडा मोठा म्हणून पोरगी पाठमोरी, आणि पाठमोरी म्हणून ओकते. दीड वर्ष त्या घाण्याला चौघंही जुंपलेली होती.

केतकीला रडू फुटलं. मुलांना 'का चुकलं ते सांग' म्हणणाऱ्या बाईला आपलं का चुकलं हे दीड वर्ष विचारावंसंच वाटलं नव्हतं. आकडा आला आणि ती त्याच्यापुढे वाकली.

---

"सहा!" निनाद कारखान्याच्या कॉलनीच्या फाटकातच ओरडला. केतकीने हेळवाकहूनच त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. "सहा! अगं, मग बघतेस काय? फिरव!"

केतकी गाडीतून उतरली आणि दार उघडं ठेवून बाजूला झाली. वाटेत पाटण गेलं, मल्हारपेठ गेलं, तेवढ्या वेळात तिने एक गोष्ट ठरवली होती.

"तू लाव," ती म्हणाली.

"मी?"

"अंगठा तुझाही चालतो. दीड वर्ष म्हणतोयस ना फिरव, फिरव? बस पुढे. लाव."

निनाद बसला. कारखान्यात रोज शेकडो नमुने तपासून अमुक टाका, तमुक काढा असं बेधडक सांगणारा माणूस. त्याने उजव्या हाताचा अंगठा पँटला पुसला. काचेवर चौकोन उजळला आणि गाडीतली बाई गोड आवाजात म्हणाली, "आकडा सहा. पालक म्हणून हा निर्णय आपण घेत आहात का?"

निनादचा अंगठा काचेपासून बोटभर अंतरावर थांबला.

"हजारात सहा," तो स्वतःशीच म्हणाला. "म्हणजे धडक झाली तर. हजार धडका, हजार प्रवास नव्हे. म्हणजे खरं तर फारच कमी." त्याने अंगठा परत पँटला पुसला. "पुढच्या महिन्यात किती होईल गं?"

"पाच. कदाचित साडेपाच."

"आणि दिवाळीपर्यंत?"

काचेवरचा चौकोन वाट बघून विझला. निनादने हात मांडीवर घेतला आणि बराच वेळ अंगठ्याकडे बघत राहिला.

"आधी जेवून घेऊ या," तो म्हणाला. मग गाडीतून उतरता उतरता, तिच्याकडे न बघता, "मला नाही जमलं, केतकी. फोनवर सोपं होतं."

इतक्या दिवसांत तिला नवऱ्याचा पहिल्यांदाच राग आला नाही. उलट धसका बसला. एक्केचाळीसवर निदान दोष आकड्याचा होता. आता दोष कुणाला द्यायचा? दार उघडं होतं आणि दोघांचेही पाय निघत नव्हते. तिला आपल्याच डोळ्यांपुढे सहा वर्षांची, सात वर्षांची, गुडघे पोटाशी घेतलेली रुंजी दिसली.

---

रविवारी निघताना रुंजी बापाच्या गळ्यातून सुटेना. निनादने तिला जबरीने आसनात बसवलं, पट्टे लावले. ती इतकी हुंदके देत होती की केतकी पुढे न बसता तिच्याजवळ मागेच बसली. कॉलनीची गल्ली अरुंद होती, आणि तसल्या गल्ल्यांतून गाडी मुंगीच्या पावलांनी आपली आपण बाहेर पडे. हमरस्त्यापर्यंत केतकीची गरज नव्हती.

गाडी हलली. केतकीने मुलीचे डोळे पुसले आणि ती जिकडे बघत होती तिकडे सहज वळून बघितलं. मागच्या काचेतून फाटक दिसत होतं आणि फाटकात हात हलवणारा निनाद.

रुंजीने अंगठा आणि तर्जनी डोळ्यांसमोर धरली. त्या चिमटीत बापाला पकडलं.

"बाबा एवढा," ती म्हणाली. चिमूट थोडी मिटली. "आता एवढा. आता एवढा." गाडी वळली. दोन बोटं एकमेकांना टेकली. "गेला."

हे ती रोजचंच काम असल्यासारखं करत होती.

"तू दर वेळी असं मोजतेस?"

"हो."

"आणि आपण बाबाकडे येतो तेव्हा?"

"तेव्हा आजी लहान होते."

"अगं, पण बाबा येतो ना समोरून? मोठा होत होत?"

रुंजीने आईकडे अशा नजरेने बघितलं, जशी मोठी माणसं खुळ्या प्रश्नावर बघतात. "बाबा येत नाही. दार उघडलं की असतो. मग परत लहान होतो."

गाडी हमरस्त्याला लागून थांबली आणि 'कृपया ताबा घ्या' असं पुन्हा पुन्हा सांगू लागली. केतकीला उठवेना. चार वर्षं ती मुलीला बापाकडे नेत होती, आणि मुलीच्या लेखी या गाडीत बसलं की माणसं फक्त लहान होत होती आणि नाहीशी होत होती. गाडीतून तिने आयुष्यात कुणालाही आपल्याकडे येताना बघितलं नव्हतं. ती बापाला टाळत नव्हती. ती त्याला नाहीसं करणाऱ्या यंत्रात बसायला भीत होती. हे कोणत्याही आकड्यात आलं नव्हतं, कारण ते मोजायला मानेमागे गादी नव्हती.

---

आठवडा वाईट गेला. केतकी वर्गात उभी राही आणि फळ्यावर भलतंच लिही. कधी तिला वाटे, सहा म्हणजे काहीच नाही. कधी ती सहा मुलं तिला वर्गात, पहिल्या बाकावर, मान खाली टाकून बसलेली दिसत. विभावरी मॅडमना तिने मधल्या सुट्टीत गाठलं आणि विचारलं, "तुम्ही अंगठा कसा लावलात हो?"

"रडत," मॅडम म्हणाल्या. "आणि पुढच्या महिन्यात तो आकडा अकरा झाला, तेव्हा परत रडले." मग, "तुम्ही सगळ्याजणी एकमेकींकडे बघत होता तेव्हा."

केतकीला तोंड लपवायला जागा उरली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिने माईंना सगळं सांगितलं. वेणीचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. आपल्याच हातांकडे बघत बसल्या.

"मीच बांधत हुते की गं."

"माई, तुम्ही मायेनेच बांधत होतात. बघायला हवं होतं ते मी."

"मंग माझा अंगठा लाव. मी जाते की उद्या गाडीपाशी. म्हातारीला कोण काय करतंय?"

"तुमचा नाही चालत, माई. आईबापाचाच लागतो."

"असं व्हय?" माई म्हणाल्या आणि आपला अंगठा उगीचच पदराला पुसत राहिल्या. केतकीने तो हातात धरून ठेवला.

शनिवारी माईंनी स्वतःच नातीचे केस टाळूवर बांधले. केतकी गाडीत बसली. सहा. चौकोन उजळला, बाईने तोच प्रश्न गोड आवाजात विचारला. केतकीला पुढचा महिना आठवला, दिवाळी आठवली, आणि दोन बोटांची मिटत जाणारी चिमूट आठवली. काय घडू शकेल ते काचेवर लिहिलेलं होतं. काय घडत होतं ते मागे बसलं होतं. तिने अंगठा टेकवला आणि चौकोन विझेपर्यंत उचलला नाही.

"निर्णय नोंदला गेला," बाई म्हणाली. मागे मोटर घरघरली, आसन फिरलं, आणि केतकीला आरशात लेकीचा चेहरा दिसला. पुढे बसून पहिल्यांदाच. ती केवढी मोठी झाली होती!

शहर संपेपर्यंत रुंजी नुसती बघत होती. पोफळी गेलं, घाट सुरू झाला, आणि पहिल्याच वळणावर वरून एक ट्रक आला. रुंजी किंचाळली.

"आई! तो मोठा होतोय!"

ट्रक बाजूने गेला. त्याच्यामागे दुसरा. रुंजीने दोन्ही हात तोंडावर घेतले. "मला मागे कर! आई, मला मागे कर!"

केतकीने मिळेल तिथे गाडी कडेला घेतली. आसन परत मागे फिरवायला अंगठा लागत नसे, नुसतं एक बटण दाबायचं. तिचं बोट बटणावर गेलंही. एवढंसं दाबलं की सगळं पहिल्यासारखं. तिला कुणी काही म्हटलं नसतं. उलट शहाणी आई म्हटलं असतं.

"रुंजे," ती म्हणाली, "एकच ट्रक बघू. मग तू म्हणशील तसं. बोटं धर."

रुंजीने हुंदके देत चिमूट धरली. वळणावरून ट्रक आला.

"केवढा आहे?"

"एवढा."

"आता?"

"एवढा. आई, एवढा! एवढा..." दोन्ही हात पसरले गेले. ट्रक धडधडत बाजूने निघून गेला.

"आता कुठे आहे?"

रुंजीने हात खाली घेतले. "गेला. मागे गेला."

"आपल्याला काही केलं?"

"नाही." मग डोळे पुसत, "अजून एक बघू."

त्यांनी चांगले दहाबारा बघितले. मग केतकीने गाडी काढली. ती इतकी हळू चालवत होती की मागचे हॉर्न मारून कंटाळले. काचेच्या कोपऱ्यातला सहा एका क्षणासाठीही तिच्या नजरेआड झाला नाही. समोरून येणारी प्रत्येक गाडी तिला हजारातली एक वाटत होती. रुंजी पाटणपाशी एकदा ओकली, पण ओकून झाल्यावर पहिलं वाक्य बोलली ते, "आता पुढे काय येणार?"

कॉलनीच्या गल्लीत गाडीने ताबा आपल्याकडे घेतला आणि मुंगीच्या पावलांनी चालू लागली. केतकीने निनादला काही कळवलं नव्हतं. तो नेहमीसारखा फाटकात उभा होता.

"आई," रुंजी हळूच म्हणाली, "बाबा."

"केवढा?"

चिमूट वर आली. "एवढा." ती थोडी उघडली. "एवढा. आई, एवढा!"

निनादने काचेतून आसनाची पाठ दिसायची त्या जागी लेकीचा चेहरा बघितला. तो क्षणभर जागचा हलला नाही. मग त्याने एकदा केतकीकडे बघितलं. आसन कुणाच्या अंगठ्याने फिरलं हे त्याला कळलं होतं. तो धावत सुटला.

समोर माणूस दिसताच गाडीने आपणहून ब्रेक लावला. केतकीला तो काचेवरच्या आकड्याआडून धावत येताना दिसत होता. आकडा उद्या घाट उतरतानाही तिथेच असणार होता, पुढच्या शनिवारीही, आणि त्याच्याखालचा अंगठा कायमचा तिचा होता. तिची भीती तसूभरही कमी झाली नव्हती.

मागे रुंजीने दोन्ही हात जमतील तेवढे पसरले होते. गाडी थांबली होती, तरी बाबा मोठा होतच चालला होता.